ती खोली उघडी राहिली पाहिजे

मूल, सावली, सिंदेवाही, पोंभुर्णा तालुक्यांतल्या आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोली, चामोर्शीतल्या माझ्या भावांनो-बहिणींनो,

लकवा मारल्यानंतर बाविसाव्या दिवशी माझ्या आईने उजव्या हाताने तांदळातून एक चिंचोका शोधून काढला. आज आपल्यापुढे जे मागणं मांडायचं आहे, ते त्या चिंचोक्यापासून सुरू होतं.

आमच्या भागातल्या एका लहान सरकारी रुग्णालयात, एक्स-रेच्या खोलीला लागून, दहा बाय बाराची एक खोली आहे. भिंतीवर माणसाच्या उंचीचा आरसा, त्याच्या एका कोपऱ्याचा पारा उडालेला. आरशासमोर कंबरेच्या उंचीवर दोन लोखंडी पाइप, मधून एक माणूस चालेल एवढ्या अंतरावर. एका भिंतीला खांद्याच्या व्यायामाचं चाक. कोपऱ्यात तीन पायऱ्यांचा लाकडी जिना. तो कुठेच जात नाही, पण त्याच्यावर चढता-उतरता आलं की माणूस घरचा उंबरा ओलांडायला तयार होतो. आणि टेबलावर ॲल्युमिनियमची एक परात, तांदळाने निम्मी भरलेली. थेरपीच्या मॅडमनी त्या तांदळात सुपारी, शर्टाचं बटन, गोटी आणि चिंचोका अशा वस्तू लपवल्या होत्या. आईचा हात परातीत ठेवून त्या म्हणाल्या, ‘‘आजी, आता डोळे मिटा आणि शोधा.’’

आई चिडली. ‘‘मी का इथं तांदूळ निवडाले आली का जी?’’

‘‘निवडायचेच आहेत, आजी,’’ मॅडम शांतपणे म्हणाल्या. ‘‘जन्मभर याच हाताने निवडलेत ना? त्याला तेवढी आठवण करून द्यायची आहे.’’

सहा दिवस त्या हाताला काही लागलं नाही. बोटं तांदळात पडून राहायची. आई दमायची, रडायची, घरी चला म्हणायची. सातव्या दिवशी मधली दोन बोटं किंचित हलली, कशाला तरी अडली, आणि डोळे न उघडता ती म्हणाली, ‘‘चिचोका हाय हा.’’ बाकावर बसलेले चार-पाच रुग्ण आणि त्यांच्यासोबतची माणसं तिच्या हाताकडे बघायला लागली. मॅडमनी तिचं मनगट धरून हात वर उचलला. तळव्यात चिंचोका होता.

आई पूर्वीसारखी झाली नाही, हे आधीच सांगतो. रोवणीसाठी ती पुन्हा कधी चिखलात उतरली नाही. पण दिवाळीच्या सुमारास ती आपल्या हाताने जेवू लागली. संक्रांतीला स्वतः लुगडं नेसली, निऱ्या जराशा वाकड्या. पुढच्या आषाढात बांधावर बसून रोवणाऱ्या बायांना पऱ्यांच्या पेंड्या मोजून द्यायला लागली. तिच्या उशाशी दिवसभर बसून राहणारं घरातलं एक माणूस मोकळं झालं, कामावर जाऊ लागलं. एका म्हातारीबरोबर एक घर उभं राहिलं.

मध्ये एकदा आम्ही गेलो, तर त्या खोलीला कुलूप. मॅडमचा करार संपला होता आणि पुढचा आदेश आलेला नव्हता. किती दिवस लागतील हे कुणालाच सांगता येईना. तीन आठवडे आम्ही घरीच जमेल तसा व्यायाम करून घेतला. तेवढ्यात आईचा खांदा असा धरला की पुढचा महिनाभर तो सोडवण्यातच गेला. खोली पुन्हा उघडली, पण ते कुलूप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आज एका दाराला लागलेलं कुलूप उद्या आपल्या सगळ्याच लहान रुग्णालयांत लागू शकतं, आणि लागलं तर ते आपल्याला कळणारही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ही सेवा आहे तरी काय? सरकारी कागदावर तिला भौतिकोपचार आणि व्यवसायोपचार म्हणतात. आपण फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी म्हणतो, किंवा सरळ ‘व्यायामाचा दवाखाना’. भौतिकोपचार करणारा सांधे, स्नायू, तोल आणि चाल बघतो. आखडलेला गुडघा कसा सुटेल, लुळ्या पायावर भार कसा द्यायचा, तोल जाताना कुठे धरायचं, हे तो शिकवतो. व्यवसायोपचार करणारा विचारतो, ‘तुमच्या दिवसातलं कोणतं काम अडलं आहे?’ जेवण, आंघोळ, संडासला बसणं, लुगडं नेसणं, विळा धरणं, सूप पाखडणं, शाळेत पेन्सिल धरणं. मग ते काम तो तुकड्या-तुकड्याने शिकवतो, नाहीतर वस्तूच माणसाच्या हातासारखी करून देतो. आईच्या चमच्याचा दांडा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड केला होता. खर्च काहीच नाही. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडात घास घालायला दुसऱ्याचा हात लागला नाही.

आता या उपचाराचा स्वभाव लक्षात घ्या, कारण माझं सगळं म्हणणं त्याच्यावरच उभं आहे. गोळी घरी आणता येते. शस्त्रक्रिया एकदा होते. त्यासाठी माणूस शेत गहाण ठेवून का होईना, नागपूरला जातो. हा उपचार मात्र पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन महिने. लकव्यात पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. जे परत येण्यासारखं असतं, ते बहुतेक याच काळात येऊ लागतं.

हिशेब मांडू. मूलहून चंद्रपूर पंचेचाळीसेक किलोमीटर, जाऊन-येऊन नव्वद. आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे, म्हणजे छत्तीस खेपा. झाले सव्वातीन हजार किलोमीटर. एवढ्यात मूलहून दिल्लीला जाऊन परत येता येतं. लकवा झालेला माणूस एसटीत एकटा चढू शकत नाही, म्हणून सोबत एक जण हवाच. म्हणजे सोबतच्या माणसाची छत्तीस दिवसांची मजुरी बुडाली, दोघांचं भाडं आणि बाहेरचं खाणं वेगळं. रुग्ण आतल्या जंगलातल्या गावचा असेल, तर आधी फाट्यापर्यंत कुणाच्या तरी मोटरसायकलवर मध्ये बसून यायचं. हे कोणतं घर करेल? दोन खेपा होतात, तिसरी पुढे ढकलली जाते, चौथी होतच नाही. तिकडच्या कागदावर ‘रुग्ण पुन्हा आला नाही’ असं राहतं, आणि इकडे पडवीतल्या खाटेवर माणूस कायमचा आडवा होतो. त्यामुळे हा उपचार माणसाच्या गावाजवळ मिळाला, तरच तो मिळाला असं म्हणता येतं.

आपल्या या जंगलपट्टीत त्याची गरज कुणाला आहे, ते मोजायला कोण लागतं? गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं लकवा, म्हणजे मेंदूचा झटका. शंभरातले चौदा मृत्यू त्याने झालेले, सातातला एक. हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार, असं मानणाऱ्यांचे डोळे त्या अभ्यासाने उघडले. आणि त्यात मोजले गेले ते मेलेले. जे वाचले, तोंड वाकडं आणि एक बाजू लुळी घेऊन घरी परतले, ते आपल्या प्रत्येक गावात आहेत. आपण त्यांना ओळखतो. पारावर येणं त्यांनी कधी सोडलं, हे मात्र आपल्यापैकी कुणाला आठवत नाही.

आपल्याकडे वाघाचे हल्लेही आहेत. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. देशभर बातमी झाली. पण हल्ल्यातून जो वाचतो, त्याची बातमी दुसऱ्या दिवशी संपते. मानेवर, खांद्यावर खोल जखमा असतात. टाके निघतात, कातडी ओढली जाते, व्रण आखडतो आणि हात खांद्याच्या वर जात नाही. वनविभागाची भरपाई मिळते, ती मिळायलाच हवी. पण आखडलेला खांदा पैशाने सुटत नाही. तो रोज थोडा थोडा हलवूनच सोडवावा लागतो.

मोहाच्या झाडावरून पडून मणक्याला मार बसलेला माणूस, धानगिरणीच्या पट्ट्यात मनगट सापडलेला हमाल, चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावर मांडीचं हाड मोडलेला तरुण, प्लास्टर काढल्यावर कोपर सरळ न होणारी शाळकरी पोर, जन्मतःच मान न धरणारं बाळ, मधुमेहामुळे खांदा गोठलेल्या शिक्षिका हे सगळे त्या खोलीच्या बाकावर बसणारे लोक आहेत. सिकलसेलचा आजार आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी माहीत आहे. त्यात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून विशी-पंचविशीतली मुलं लंगडू लागतात. त्यांनाही याच बाकावर जागा लागते.

आणि कुष्ठरोग. कुष्ठरोगाबद्दल आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्याच भागात, मूल तालुक्यात, सोमनाथ आहे. बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं. पुढे त्यांच्याच महारोगी सेवा समितीने सोमनाथला जंगलालगतच्या जमिनीवर शेती उभी केली. ती कसली कुणी? रोगातून बरे झालेल्या, पण बोटं झडलेल्या, पंजे वाकडे झालेल्या माणसांनी. दर मे महिन्यात राज्यभरातली तरुण मुलं तिथल्या श्रमसंस्कार छावणीला येतात आणि त्या हातांनी केलेलं काम पाहून जातात. बिघडलेल्या हातालाही काम करता येतं, आणि कामाने माणसाची मान ताठ होते, ही गोष्ट आपल्या मातीने साऱ्या महाराष्ट्राला दाखवली. जी माती हे शिकवते, तिथल्या दवाखान्यात हात चालवायला शिकवणारं कुणी नसावं?

कुष्ठरोगाचे नवे रुग्ण चंद्रपूर-गडचिरोलीत आजही सापडतात. औषधाने जंतू मरतात, पण मज्जातंतूला इजा झाली असेल तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळू लागतं, पाऊल लोंबतं, तळव्याची संवेदना जाते. त्या वेळी पट्टी लावली, रोजचा व्यायाम शिकवला, पाण्यात भिजवून तेल लावायची सवय लावली, योग्य चप्पल दिली, तर हात-पाय वाचतात. पंजा वळून बसला असेल तर शस्त्रक्रिया आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस ती सुरू केली. त्यात चांगल्या स्नायूची दोरी लुळ्या बोटाकडे वळवतात. पण दोरी वळवली की बोट आपोआप हलत नाही. कोणता स्नायू आवळला की कोणतं बोट हलतं, हे मेंदूला नव्याने शिकावं लागतं, आणि ते शिकवणारा माणूस म्हणजे थेरपिस्ट. तो नसेल तर शल्यविशारदाची मेहनतही वाया जाते.

ही विद्या काही परवा-तेरवा आलेली नाही. देशातली व्यवसायोपचाराची पहिली शाळा १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. ती सुरू केली कमला निंबकर यांनी. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्न करून महाराष्ट्राच्या झालेल्या या बाईंनी परदेशात हे शास्त्र शिकून इथे रुजवलं. १९५८ मध्ये नागपूरलाही अशी शाळा निघाली. मुंबईहून नागपूरला यायला या विद्येला आठ वर्षं लागली. नागपूरहून मूलपर्यंतचे दीडशे किलोमीटर यायला तिला किती पिढ्या लागाव्यात?

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वं मानतो; त्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, सिकलसेलचे रुग्ण आहेत. हा कायदा सरकारला सांगतो की दिव्यांगांना जवळच्या ठिकाणी, विशेषतः ग्रामीण भागात, आरोग्यसेवा द्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे, त्यात तालुक्याच्या पातळीपर्यंत पुनर्वसनाचं काम धरलेलं आहे. कागदावर आपला हक्क भक्कम आहे. त्या कागदातून एक उघडं दार आणि आत एक माणूस एवढं मिळवायचं काम आपलं आहे.

ही सेवा मरते कशी, तेही नीट समजून घ्या. कुणी सही करून ‘आजपासून बंद’ असं म्हणत नाही. लहान रुग्णालयात या कामाला बहुधा एकच माणूस असतो, आणि तोही राष्ट्रीय आरोग्य अभियानातला, अकरा महिन्यांच्या करारावरचा. करार लांबला की खोली बंद. तो रजेवर गेला तर बदली कुणी नाही. विजेच्या शेकाचं यंत्र बिघडलं तर दुरुस्तीचा कागद फिरत राहतो. चार वेळा कुलूप पाहून रुग्ण येणं सोडतात. रुग्ण येत नाहीत म्हणून नोंदवही कोरी राहते. वही कोरी दिसली की वर बसलेला अधिकारी म्हणतो, इथे या पदाची गरज दिसत नाही. दरम्यान रिकाम्या खोलीत औषधांची खोकी येऊन बसतात, पाइपांवर पडदे वाळू लागतात. वर्षभरात तिथे काय होतं हे नव्या लोकांना सांगावं लागतं.

त्या खोलीत काम करणाऱ्यांची बाजूही आपणच बोलली पाहिजे. साडेचार वर्षांची पदवी आणि त्यातच सहा महिन्यांची आंतरवासिता करून ही मुलं-मुली आपल्या भागात येतात आणि दरवर्षी उद्याची नोकरी राहील की नाही या धास्तीत काम करतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या या कंत्राटी आरोग्य कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्यासाठी बेमुदत संप केला. त्या संपात आपली गैरसोय झाली, हे खरं. पण जो माणूस आपल्या आईला पुन्हा चालायला शिकवतो, त्याला पुढच्या महिन्याच्या पगाराची खात्री हवी, हे मागणं आपलंही आहे. तो टिकला तर सेवा टिकेल.

काही जण म्हणतील, ‘आमच्या गावात मालीश करणारे आहेत, हाडं बसवणारे वैदू आहेत.’ त्यांचा मान राखूनच सांगतो. मालीशने बरं वाटतं, पण लुळा पडलेला हात जोराने ओढला तर खांद्याचा गोळा खोबणीतून खाली सरकतो, आणि मग दुखण्यावर दुखणं. काही म्हणतील, ‘मोबाइलवर व्यायामाचे व्हिडिओ मिळतात.’ मिळतात. पण पाय चुकीचा पडतोय हे मोबाइल पाहत नाही, तोल जाताना हात पुढे करत नाही. आणखी कुणी म्हणेल, ‘आधी पुरेसे डॉक्टर तर द्या, मग हे.’ डॉक्टर हवेतच, त्यासाठीही भांडू. पण जीव वाचवणं आणि वाचलेल्याला उभं करणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकाच कामाची दोन टोकं आहेत. पहिलं टोक धरून दुसरं सोडून दिलं, तर घरी येतो तो वाचलेला माणूस, पण घराला मिळते एक रिकामी जागा आणि एक भरलेली खाट.

म्हणून आपल्या मागण्या सरळ आहेत.

पहिली: मूलसारख्या प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात भौतिकोपचाराचं आणि व्यवसायोपचाराचं प्रत्येकी एक कायम पद असावं, आणि ते भरलेलं असावं. ते होईपर्यंत करारावरच्या माणसाचा पुढचा आदेश, चालू करार संपण्याच्या महिनाभर आधी निघावा.

दुसरी: आसपासच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातले ठरलेले दिवस थेरपिस्ट बसावेत, आणि त्यातला एक दिवस त्या गावच्या आठवडी बाजाराचा असावा. बाजाराला येणारी गाडी रुग्णालाही घेऊन येईल.

तिसरी: चंद्रपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा नागपूरहून लकव्याचा, हाड मोडल्याचा, वन्यप्राण्याने जखमी केलेला रुग्ण घरी सोडताना, त्याच्या जवळच्या रुग्णालयातल्या या खोलीला कळवलं जावं. रुग्णाच्या हातात चिठ्ठी असावी: कुठे जायचं, कुठल्या वारी, काय करून घ्यायचं.

चौथी: पैशाचं कारण सांगू नये. आपल्या जिल्ह्यांतून कोळसा जातो, लोहखनिज जातं. खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधी जमतो, आणि २०१५ च्या केंद्राच्या योजनेने त्या निधीतून आरोग्याला आणि वृद्ध-दिव्यांगांच्या कल्याणाला अग्रक्रम दिला आहे. ग्रामपंचायतींनी, नगरपरिषदांनी आपल्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. एक परात, दोन पाइप, एक आरसा आणि एक माणूस यांना लागणारा पैसा या जमिनीतून रोज निघून जातो. त्यातला थोडा इथल्या माणसांच्या हातापायांसाठी थांबला पाहिजे.

आता आपण काय करायचं? कारण मागण्या लिहून त्या पुऱ्या होत नसतात.

सर्वांत आधी, ज्याला गरज आहे त्याला त्या खोलीपर्यंत पोचवा. आपल्या वाडीत, मोहल्ल्यात कोण खाटेवर आहे, हे आशाताईंना ठाऊक असतं. त्यांच्याकडून नावं घ्या, गाडी असलेल्यांनी पाळी लावून घ्या. केसपेपर काढा, नोंदवहीत नाव लिहिलं गेलं की नाही ते बघा. भरलेली नोंदवही हा आपला सर्वांत मोठा पुरावा. खोलीला कुलूप दिसलं तर परत फिरू नका. वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या की अमुक तारखेला आलो होतो, सेवा मिळाली नाही, आणि पोच घ्या. अशा दहा पोचा झाल्या की ती तक्रार राहत नाही, ती नोंद होते.

ग्रामसभेत ठराव मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या तारखा आपल्याला पाठ आहेत. ठरावात एकच वाक्य पुरे: ‘आमच्या गावच्या रुग्णांसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयातली फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी सेवा कायम व नियमित सुरू राहावी.’ ठरावाची प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना, नागपूरच्या आरोग्य उपसंचालकांना, आमदार-खासदारांना पाठवा. पन्नास गावांचे पन्नास ठराव एकाच महिन्यात पोचले, तर ते बाजूला ठेवणं कुणालाही जड जाईल.

शिकलेल्या तरुणांनो, दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. किती पदं मंजूर, किती भरलेली, करार कधी संपतो, यंत्रं चालू आहेत का, हे चारच प्रश्न विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत्येक सरकारी रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. त्यात कोण आहेत ते शोधा, त्यांना भेटा, बैठकीच्या विषयपत्रिकेवर ही खोली आणा.

नाटक मंडळींनाही माझी हात जोडून विनंती आहे. दिवाळी सरली की आपल्या झाडीपट्टीत रात्र-रात्र नाटकं होतात, गावोगावचे हजारो लोक मांडवात बसतात. पहिली घंटा होण्याआधी दोन मिनिटं माइक द्या. लकवा मारला तर घरी वाट न बघता कुठे न्यायचं, आणि घरी आल्यावर व्यायामाला कुठे यायचं, एवढंच सांगू. पडदा उघडण्याआधीची ती दोन मिनिटं एखाद्या घराचं पुढचं आयुष्य बदलतील.

आणि दहावी-बारावीच्या मुला-मुलींनो, तुमच्यातल्या एखादीने, एखाद्याने ही विद्या शिकावी आणि परत इथेच यावं. ज्याला ‘रोवणी’ म्हणजे काय हे माहीत आहे, ज्याला आजी ‘मले’ म्हणाली तर कळतं, त्याच्याइतका चांगला थेरपिस्ट या भागाला कुठून मिळणार?

गेल्या वर्षी धान कुटून आल्यावर आईने पहिली पायली बाजूला काढून ठेवली. ‘‘हे परातीले,’’ ती म्हणाली. मी ते तांदूळ घेऊन गेलो. मॅडमनी जुने काढून नवे परातीत ओतले, आणि एका बाईचा हात अलगद त्यात ठेवला. तिच्या कपाळाला घाम आला होता. दारात तिचा नवरा डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा होता. कोण, कुठल्या गावचे, मला ठाऊक नाही. पण त्या हाताला काहीतरी सापडेपर्यंत ते दार उघडं असायला हवं, एवढं मला ठाऊक आहे.

पुढच्या ग्रामसभेला या. ठराव वाचला जाईल आणि अध्यक्ष विचारतील, कोण कोण अनुकूल? त्या वेळी ज्यांचा हात वर जातो त्यांनी तो वर करावा, ज्यांचा जात नाही त्यांच्यासाठी.